अर्ध्या तबकडीचे मालक

आमच्या घरमालकांची आणि माझी पहिली गाठ पडली ती भांडणातच. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, उद्यमनगरात एका फाउंड्रीत काम मिळालं आणि मला म्युनिसिपाल्टीच्या शाळेत, म्हणून नेसरीचं बिऱ्हाड गुंडाळून आम्ही कोल्हापुरात आलो. स्टँडवरून हातगाडीवर सामान आणलं. दारात धोतर-बंडीतले एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे. या बसा नाही, प्रवास कसा झाला नाही. सरळ गाडीपाशी आले, बोट मुडपून माझ्या तांब्याच्या हंड्यावर टण्णकन मारलं, कान लावला, पुन्हा एकदा मारलं आणि ह्यांना म्हणाले, "पावणं, ह्याला चीर हाय."

हंडा माझ्या आईनं लग्नात दिलेला. मी काय ऐकून घेणार? आमच्या नेसरीकडं माणसं मनातलं पोटात ठेवत नाहीत. मी तिथल्या तिथं सांगितलं की हंडा चांगला बघून घेतलाय. त्यावर ते शांतपणे म्हणाले, भांडं बघून घेत नसतात, वाजवून घेतात. आता बोला. बाईमाणसाचा तो पहिला दिवस, घरात अजून पाऊल टाकायचंय, आणि हा माणूस माहेरच्या हंड्याला नावं ठेवतोय.

सांगायची गोष्ट म्हणजे त्या हंड्याला चीर नव्हतीच. आज माझ्या सुनेच्या घरात तो पाण्यानं भरलेला उभा आहे, थेंब गळत नाही. पण मालक शेवटपर्यंत हेका सोडायला तयार नव्हते. मी वरच्या आमच्या बिऱ्हाडातून जिना उतरताना कधी दिसले की विचारायचे, गळायला लागला का? मी नाही म्हटलं की मान हलवायचे, गळंल, बगा. आम्हाला पावणं म्हणायचीही सवय त्यांनी सोडली नाही. आम्ही तिथं राहिलो, पोरं झाली, पोरं शाळेत जायला लागली, तरी आम्ही पावणंच.

महाद्वार रोडच्या आतल्या एका गल्लीत त्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. उभा जन्म भांडी वाजवण्यात गेलेला, त्यामुळे हाताला ती खोडच जडलेली. नारळ आणि भोपळा तर कुणीही वाजवून घेतो. मालक दारसुद्धा वाजवायचे, पण आतून कुणी यावं म्हणून नाही, लाकूड कसलं आहे ते कळावं म्हणून. माझा थोरला झाला तेव्हा बाळ बघायला वर आले. पाळण्याच्या दांडीवर टिचकी मारली, "सागवान" म्हणाले आणि समाधानानं खाली गेले. बाळाकडं बघायचं राहूनच गेलं. मी चिडले, तर काकी, म्हणजे मालकीणबाई, पदर तोंडाला लावून हसत बसल्या. म्हणाल्या, आमच्या लग्नात त्यांनी आधी वाजंत्र्याच्या ढोलाला हात लावला, मग माझ्याकडं बघितलं.

खासबागेत कुस्त्यांचं मैदान असलं की मालक ह्यांना बरोबर घेऊन जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा हे हसतच घरी आले. मालक म्हणे आखाड्याकडं पाठ करून बसतात. कोण पैलवान, कुठल्या तालमीचा, त्यांना काही देणंघेणं नाही. हलगीवाला जिकडं असेल तिकडं त्यांचं तोंड. सगळं मैदान उठून ओरडायला लागलं की शेजारच्याला विचारायचे, "काय झालं?" शेजारचा सांगायचा, चितपट. मालक म्हणायचे, "म्हनूनच त्यानं लय बदलली." आणि पुन्हा हलगीकडं बघत बसायचे.

हे सगळं चालण्यासारखं होतं. खरा कहर होता तो रेकॉर्डींचा.

कोल्हापूरला गाण्याचा तोटा कधीच नव्हता. देवळात गाणं, बैठकीत गाणं, सिनेमातलं गाणं तर हॉटेलाहॉटेलात. आमच्या मालकांना मात्र गाण्याचं वावडं. रेकॉर्डीत माणसाचा गळा आला की तोंड वाकडं करून पिन उचलायचे. त्यांना हवं असायचं नुसतं बडवणं. ढोल, बोंगो, झांजा, घंटा, लाकडाच्या पट्ट्या, आणि काही काही तर अशी वाद्यं की ती वाजतायत की स्वयंपाकघरातलं फडताळ कोसळलंय हे कळू नये. अमेरिकेत म्हणे स्टीरिओ मशीन नवीन निघालं तेव्हा असल्या रेकॉर्डी ढिगानं काढल्या होत्या. एक ढोल ह्या बाजूच्या डब्यातून, म्हणजे स्पीकरातून, वाजणार, त्याला जबाब त्या बाजूच्या डब्यातून येणार, आणि मधे बसलेली माणसं माना वळवून वळवून म्हणणार, वा, काय मशीन आहे. मशीनचा तोरा मिरवायला काढलेल्या रेकॉर्डी त्या. दोन-चार वर्षांत लोकांची हौस फिटली, आणि त्या अडगळीत गेल्या. त्या अडगळीवर आमच्या मालकांचा जीव जडला.

त्यातही त्यांना नामांकित कंपनीची नको. स्वस्तातलीच पाहिजे, जिचं नाव कुणी ऐकलेलं नाही, जिचं कव्हर दोन बोटांत मोडतं, जी ताटलीसारखी वाकडी झालेली आहे. ह्याच्यामागं त्यांचा एक सिद्धांत होता. मोठ्या कंपनीत एक बँडमास्तर असतो, तो हात वर करतो आणि सगळे त्याच्या धाकानं वाजवतात. बारक्या कंपनीकडं बँडमास्तर ठेवायची ऐपत नसते. ती चार पोरं गोळा करते आणि म्हणते, बडवा. मग ती पोरं मनासारखं बडवतात. हे त्यांना कुणी सांगितलं म्हणाल, तर कुणीच नाही. दुकानात बसून त्यांनीच ठरवलेलं. पण एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

रेकॉर्डी यायच्या बहुतेक गोव्याकडून. तिकडं बोटीवर नोकरीला असलेल्यांच्या घरी असला माल पडून असायचा. गोव्याला माल नेणारे ट्रकवाले येताना दोन-तीन रेकॉर्डी आणायचे आणि बदल्यात एखादा तांब्या नाहीतर कळशी घेऊन जायचे. एक ट्रकवाला कोडोलीकडचा होता. त्याच्या लेकीच्या लग्नातली निम्मी भांडी मालकांकडून अशीच गेली होती असं काकी सांगायच्या. एकदा मिशनच्या बंगल्यातली मेमसाहेब कायमची मायदेशी निघाली, सामान विकायला काढत होती, त्यात असल्या रेकॉर्डी होत्या. मालक डोक्यावर मोठं पितळी पातेलं घेऊन भर दुपारी तिच्या दारात उभे. मेमला मराठी चांगलं येत होतं. ती म्हणाली, मी चाललेय, मला पातेलं कशाला? मालक म्हणाले, तिकडं पाणी तापवत न्हाईत काय? बाई हसली आणि रेकॉर्डी तशाच दिल्या. मालकांनी पातेलं तिथंच व्हरांड्यात ठेवलं आणि निघून आले, कारण फुकट घ्यायचं नाही.

आता ह्या रेकॉर्डींच्या कव्हरांवर काय असायचं? बाया. अंगावर कापड बेताचं, मांडीत ढोल, आणि तोंडभर हसू. काकी रोज पोथी वाचणाऱ्या. त्यांनी पहिली दोन कव्हरं सहन केली. मग एके दिवशी खळ शिजवली, जुनी कॅलेंडरं काढली आणि प्रत्येक बाईवर एकेक देव चिकटवून टाकला. मालकांनी हूं की चूं केलं नाही. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतंच, त्यांची उलट सोयच झाली. तेव्हापासून त्या घरात रेकॉर्डी देवांच्या नावानं ओळखल्या जाऊ लागल्या. नुसते बोंगो ती अंबाबाई. घंटा आणि झांजा तो शंकर. मोठाले ढोल आणि मधेच कुणीतरी पत्रा हलवतो तो मारुती. माझे मामा एकदा गारगोटीहून आले होते. मालकांनी खालून हाक मारून विचारलं, दत्तगुरू लावू का? मामा भाविक, टोपी नीट करून, हात जोडून जिन्यात जाऊन बसले. आणि मग जे काही वाजलं ते ऐकून मामांनी जोडलेले हात सोडले नाहीत, पण माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून आठवते.

ह्या बारक्या कंपन्या लबाडही असायच्या. तीच रेकॉर्ड वेगळं कव्हर, वेगळं नाव घालून पुन्हा विकायच्या. मालकांना एकदा तीन कव्हरांत एकच रेकॉर्ड मिळाली. हे म्हणाले, फसवलं की तुम्हाला. मालक म्हणाले, एकच बाई तीन लुगडी नेसून आली तर तिला दारातनं परत पाठवायची काय? तिन्ही ठेवून घेतल्या. कृष्ण, राम आणि विठोबा. तिन्ही ऐकायचे आणि तिन्हींत फरक आहे म्हणून आमच्याशी वाद घालायचे.

एवढा सगळा खटाटोप दोन बाजूंच्या रेकॉर्डींसाठी, आणि मालकांच्या मशीनला डबा एकच होता. डावा. उजव्या बाजूला नुसती भिंत.

ही भिंत काय भानगड आहे ते काकींनी मला सांगितलं. आम्ही दोघी गच्चीवर सांडगे घालत होतो. मालकांना एक धाकटा भाऊ, घरात त्याला बाळू म्हणत, आम्ही बाळूकाका म्हणायचो. दुकान दोघांचं, घर एक, चूल एक. मशीन बाळूकाकांनीच मुंबईहून हौसेनं आणलेलं, दोन डब्यांचं. संध्याकाळी दुकान बंद केलं की दोघं भाऊ मधोमध मांडीला मांडी लावून बसायचे आणि ऐकायचे. काकी म्हणाल्या, ढोल हिकडून तिकडं गेला की दोघांच्या माना एकदमच फिरायच्या, आणि मी आन जाऊबाई सैपाकघरातनं बगून हसायचो.

मग स्टील आलं. लोकांना तांब्या-पितळ घासायचा कंटाळा आला, कल्हईचा खर्च नको झाला. बाळूकाका व्यवहारी, म्हणाले आपण स्टील ठेवू या. ठेवलंही. पण गिऱ्हाईक स्टीलचं भांडं हातात घेऊन बघायला लागलं की मालक गल्ल्यावरून उठून जायचे, ते भांडं वाजवायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, ऐका, मेलंय हे. गिऱ्हाईक भांडं खाली ठेवून चालतं व्हायचं. असं किती दिवस चालणार? एकदा बाळूकाका भर दुकानात बोलले, "दादा, दुकान इकायला हाय का वाजवायला?" मालकांना ते लागलं. तेही बोलायला नको ते बोलून गेले. शब्दानं शब्द वाढला आणि वाटणी झाली.

वाटणीला बसले त्यांचे मामा, कोडोलीचे. मामा पक्के शेतकरी. शेत वाटावं तसं त्यांनी सगळं वाटलं. दुकानात मधे फळ्या मारल्या, इकडं पितळ, तिकडं स्टील. घरात मधोमध भिंत घातली. वरचा मजला तेवढा सामायिक ठेवला, कारण तिथं भाडेकरू होते आणि भाडेकरू कापता येत नाहीत. देव्हाऱ्यातले देवसुद्धा निम्मे निम्मे. शेवटी हे मशीन राहिलं. मशीन थोरल्याला दिलं, तर धाकट्याला भिंतीवरचं घड्याळ. मग मामांना दोन डबे दिसले. मामा म्हणाले, भाऊ दोन, डबं दोन, एकेक घ्या, न्याय म्हंजे न्याय. दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं, की मामा, हे असं तोडत नसतात, तर पुढचं काही झालं नसतं. पण दोघंही तोंडं फिरवून बसलेले. बाळूकाकांनी उजवा डबा उचलला आणि पलीकडं नेला. डब्याला मशीन नाही, तो बिचारा मुका. धाकट्या काकींनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकून प्लास्टिकची फुलं ठेवली.

त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही. नळावर गाठ पडली तर एक जण घागर तशीच ठेवून आत जायचा.

आणि मालक त्या एका डब्यावर रेकॉर्डी ऐकत राहिले. आमच्या खोलीखालीच ते वाजायचं, त्यामुळे मला पाठच झालेलं. ढोल जोरात सुरू व्हायचा आणि एकाएकी बंद. काही नाही. शांत. मग पुन्हा ढोल. पहिल्यांदा मला वाटलं मशीन बिघडलंय. मी खाली जाऊन सांगायला लागले, तर मालकांनी हात वर करून मला गप्प केलं. "थांबा बाई. पलीकडचा बोलायलाय."

पलीकडचा म्हणजे उजव्या डब्यातला. तो ढोल त्या घरात वाजतच नव्हता, पण मालक त्याच्यासाठी थांबायचे. हे त्यांचं इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी मधे बोललं, पोरं ओरडली, तरी म्हणायचे, थांब, पलीकडचा बोलायलाय. पुढं पुढं नुसतं थांबून त्यांचं भागेना. उजव्या हाताला, जिथं दुसरा डबा असायला हवा तिथं, त्यांनी एक पितळी पातेलं पालथं घातलं. डाव्या डब्यातला ढोल थांबला की मालक पातेल्यावर बोटांनी त्याचा जबाब द्यायचे. मोकळी जागा दिसली की वाजवा, असं नाही हं. प्रत्येक रेकॉर्डीचा जबाब ठरलेला. अंबाबाईत हलका, मारुतीत मधेच एक दणका. अंदाजानंच रचलेला, पण एकदा रचला की बदल नाही.

ह्यांना ते बघवेना. हे खटपटे, फाउंड्रीतल्या एका सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली, रेडिओवाल्याकडून आतला कर्णा बसवून घेतला आणि दिवाळीच्या पाडव्याला मालकांना भेट दिली. मालकांनी पेटी वाजवून बघितली, आंब्याचं लाकूड म्हणाले, लई चांगली हाय म्हणाले, आणि तिच्यावर पानाचं तबक ठेवलं. हे म्हणाले, अहो जोडा की मशीनला, मी वायर आणलीय. मालक सुपारी कातरत होते, वरसुद्धा बघितलं नाही.

"दुसरा डबा हाय की, पावणं. पलीकडं हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ह्या माणसाला डबा नको होता, भाऊ हवा होता. आणि ते सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. मला इतकं वाईट वाटलं की मी वर येऊन ह्यांच्यावरच ओरडले, काही कारण नसताना.

पलीकडून कधी कसली तक्रार आली नाही, की कुणी भिंतीवर मारून आवाज कमी करा म्हटलं नाही. बाळूकाका गोलमटोल, हसरे, गल्लीतल्या कुत्र्याशीसुद्धा बोलणारे. स्टीलचं दुकान जोरात चाललेलं. फक्त मालकांचं नाव निघालं की त्यांना काहीतरी काम आठवायचं.

आणि मग एक दिवस कळलं की बाळूकाकांनी लांब टाकाळ्याला बंगला बांधलाय. बिऱ्हाड हलणार, खालची त्यांची बाजू एका धान्याच्या व्यापाऱ्याला गोदामाला देणार. मला हे शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी कळलं, आणि मी घरी पोचेपर्यंत मालकांनाही कळलेलं होतं, कारण खाली मशीन बंद होतं.

ते बंदच राहिलं. मालक दुकानातून यायचे, मांडीवर एखादी रेकॉर्ड घ्यायचे, फडक्यानं पुसायचे आणि परत ठेवायचे. काकी म्हणाल्या, त्यांना दोन घास उतरत नाहीत. भिंत असली तरी पलीकडं भाऊ होता. त्याच्या खोकल्याचा, त्याच्या जेवणाच्या ताटाचा आवाज यायचा. आता तिथं जोंधळ्याची पोती येणार. हा न बोलता गेला की संपलं, दोघंही म्हातारे, पुन्हा कोण कुणाच्या दारात जाणार? मी म्हटलं, मग मालकांनीच जावं की चार पावलं. काकी म्हणाल्या, ते जायला निघतात, चप्पल घालतात, आणि अंगणात तुळशीला पाणी घालून परत येतात.

मालक माझ्याशी एवढंच बोलले. मी घागर घेऊन निघाले होते, त्यांनी थांबवलं. हंड्याचं विचारतील असं वाटलं होतं मला.

"बाई, डबा न्हेनार काय त्यो?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

"न्हेऊ दे न्हेला तर. त्येचाच हाय," ते म्हणाले. "पन सांगून जावं मानसानं."

मग मला राहवलं नाही. घागर तिथंच ठेवली आणि पलीकडच्या दारातून आत गेले. बाळूकाका दोऱ्यांनी खोकी बांधत होते. डबा कपाटावर, फुलं तशीच. मी काही आडपडदा ठेवला नाही. सांगितलं की काका, तुम्ही दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना म्हातारे झालात, आता निदान जाताना तरी तोंड उघडा, तो माणूस जेवत नाही. धाकट्या काकी चहा घेऊन आल्या त्या तशाच कप हातात धरून उभ्या. बाळूकाकांनी दोरीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.  चहा न घेताच मी परत आले, आणि जिना चढताना मला हे दोघे भाऊ, त्यांचे मामा आणि त्यांची भिंत, सगळ्यांचाच राग आला होता.

बिऱ्हाड हललं तो रविवार होता. सकाळपासून ट्रक दारात. पलंग गेला, कपाट गेलं, फुलं ठेवलेला डबा काही मला दिसला नाही, म्हटलं गेला असेल कशात तरी. मालक आपल्या खोलीत जाजमावर बसून होते, दाराकडं पाठ करून. काकी उंबऱ्यात. दुपारी सगळं भरून झालं, धाकट्या काकी जावेच्या गळ्यात पडून रडल्या, ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. आणि बाळूकाका खांद्यावर डबा घेऊन मालकांच्या दारातून आत आले. घाईत क्रोशाचा रुमाल तसाच राहिलेला, फुलं तेवढी नव्हती.

 त्यांनी उजव्या बाजूचं पालथं पातेलं उचलून काकींच्या हातात दिलं आणि तिथं डबा ठेवला. वायर काढली, मशीनच्या मागं हात घालून न बघता जोडली. मग मालकांच्या शेजारी मांडी घालून बसले, गुडघे दुखत असावेत, जरा वेळ लागला.

"लाव," ते म्हणाले.

मालकांनी मारुती काढला. पिन दोनदा घसरली. मग ढोल सुरू झाला, आणि पहिल्यांदाच, आम्ही त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, उजवीकडून जबाब आला. मी, हे, काकी, सगळे दारात उभे. ढोल ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत होता, मधेच पत्रा कडाडत होता. मला तर बाई अंगावर काटा आला. वाटलं, चला, झालं एकदाचं.

पण मी मालकांकडं बघितलं. डावा ढोल थांबला की त्यांचा उजवा हात सवयीनं वर उठत होता. खाली पातेलं नव्हतं. आणि तिथं आधीच दुसरा कुणीतरी वाजवत होता, मनगटाचा जोर असलेला, अमेरिकेतला कुणी. हात तसाच अधांतरी राहायचा. शेवटी त्यांनी तो ओढून घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. भाऊ शेजारी, डबा जागेवर, आणि ह्या माणसाचा चेहरा एवढासा झालेला. आपल्याच घरात त्यांना बसायला जागा उरली नाही असं मला वाटलं.

बाळूकाका मान तिरकी करून ऐकत होते. कपाळाला आठ्या. रेकॉर्ड निम्मीसुद्धा झाली नाही तोवर त्यांनी हात लांब करून पिन उचलली.

"दादा, ही कुटली रेकॉर्ड?"

"मारुती," मालक म्हणाले.

"न्हवं. ही न्हवं ती. मारुतीत मधी पितळ वाजतंय."

मालकांनी मारुती चिकटवलेलं कव्हर त्यांच्यापुढं धरलं.

"भिंतीला पाट लावून इतकी वर्सं ऐकली मी ती," बाळूकाका म्हणाले. "मला पाट हाय. ह्यात तू कुटं हाईस?"

एवढं बोलून त्यांनी मशीनच्या मागं हात घातला आणि आत्ताच जोडलेली वायर उपटून काढली. काकींना म्हणाले, वैनी, ते पातेलं द्या हिकडं. काकींनी पदरानं पुसून दिलं. ते त्यांनी भावाच्या उजव्या हाताशी पालथं घातलं. ट्रकवाला बाहेर हॉर्न देत होता, हे त्याला थांब म्हणून सांगायला गेले.

मालकांनी पिन पुन्हा टेकवली. ढोल वाजला, थांबला. पण मालकांना दिसत नव्हतं, डोळे भरून वाहत होते. पातेल्यावर बोटं पडली ती उशिरा पडली, तोवर डावा ढोल पुढं निघूनही गेला होता. आम्ही तिथं राहायला आल्यापासून त्यांचा जबाब मी असा चुकलेला कधी ऐकला नव्हता.

बाळूकाकांनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"परत लाव," ते म्हणाले.